दूरवर पाहणारा डोळा

(आपल्या गावातला कार्यक्रम सातासमुद्रापलीकडच्या माणसाला त्याच क्षणी दाखवता येतो. त्यासाठी लागणारा वेबकॅम कसा निवडावा, तो कसा वापरावा आणि वापरताना कोणती काळजी घ्यावी, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरातले कोणी ना कोणी दूर असते. कोणाचे वडील कुवेतला, कोणाचा भाऊ दुबईला, तर कोणाचे मामा जहाजावर. राजिवडा, मिरकरवाडा, साखरतर अशा वस्त्यांत फिरून पाहा. दूरच्या माणसाची आठवण काढणारी घरे जागोजागी भेटतील.

एकदा तुमच्या दादीजवळ बसा आणि जुन्या दिवसांची गोष्ट विचारा. त्या काळी परदेशातून पत्र येईपर्यंत कित्येक दिवस जात. काही जण कॅसेटवर आपला आवाज भरून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवत. ती कॅसेट घरात पुन्हा पुन्हा ऐकली जाई. आवाज ऐकू येई. पण चेहरा दिसत नसे. आज तुम्ही मोबाईलवर भावाचा चेहरा पाहता आणि त्याच्याशी बोलताही. त्याच्याही पुढे जाऊन, एखादा पूर्ण कार्यक्रम तुम्ही शेकडो लोकांना एकाच वेळी दाखवू शकता. यालाच थेट प्रक्षेपण म्हणतात.

समजा, तुमच्या शाळेत बैतबाजीची स्पर्धा आहे. मराठीत भेंड्या लावतात, तसाच हा खेळ. एकाच्या शेराचे शेवटचे अक्षर घेऊन दुसऱ्याने नवा शेर म्हणायचा. तुम्ही महिनाभर तयारी केली आहे. कुवेतमधल्या भावाला ही स्पर्धा पाहायची आहे. मग काय करावे लागेल? चला, पाहू या.

वेबकॅमची जन्मकथा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी एखादा कार्यक्रम थेट दाखवायचा म्हणजे मोठे कॅमेरे, जाड तारा, यंत्रांनी भरलेली गाडी आणि कितीतरी माणसे लागत. ते काम सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

वेबकॅमचा जन्म मात्र एका किटलीमुळे झाला! इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत एका खोलीत कॉफीचे भांडे होते. लांबून जिने उतरून यावे, तर भांडे रिकामे! त्यामुळे संशोधकांची निराशा होई. १९९१ साली त्यांनी त्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि तो संगणकाला जोडला. आता प्रत्येकाला आपल्या टेबलावरूनच भांडे भरलेले आहे की रिकामे, ते दिसू लागले. चित्र लहान आणि काळेपांढरे होते. पण काम झाले. १९९३ साली हे चित्र इंटरनेटवर आले आणि जगभरातले लोक ते भांडे पाहू लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद करण्यात आला.

१९९४ साली अमेरिकेतील कनेक्टिक्स या कंपनीने 'क्विककॅम' नावाचा छोटासा कॅमेरा बाजारात आणला. घरच्या संगणकाला जोडता येईल असा तो वेबकॅम होता. आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. म्हणजे ही सारी गोष्ट फार जुनी नाही. तुमचे आईवडील लहान होते, तेव्हाची आहे.

वेबकॅम काम कसे करतो?

वेबकॅमच्या पुढच्या बाजूला एक छोटे भिंग असते. भिंगातून आलेला प्रकाश आतल्या संवेदकावर पडतो. संवेदकावर प्रकाश टिपणारे लाखो बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यावर किती प्रकाश पडला, हे आकड्यांत मांडले जाते. या आकड्यांपासून चित्र तयार होते. अशी साधारण ३० चित्रे एका सेकंदात काढली जातात. ती भराभर डोळ्यांसमोरून गेली, की आपल्याला हालचाल दिसते.

आता थोडे गणित करू या. ज्या चित्रात आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके असतात, त्याला बाजारात '७२० पी' म्हणतात. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरल्या आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे ८३ मेगाबाइट माहिती तयार होते. एवढी माहिती आपल्या गावातल्या इंटरनेटवरून कशी जाणार?

म्हणून माहिती दाबून लहान केली जाते. मागचा फळा, भिंत, टेबल हे सारखे तेच असते. ते पुन्हा पुन्हा पाठवण्याची गरज नसते. जे बदलले, तेवढेच मुख्यतः पाठवायचे. या युक्तीने तेच चित्र सेकंदाला साधारण ३ मेगाबिट इतक्या माहितीत बसते. ८ बिट म्हणजे १ बाइट. एका तासात ३६०० सेकंद असतात. ३ गुणिले ३६०० म्हणजे १०,८०० मेगाबिट. त्याला ८ ने भागले, की १३५० मेगाबाइट होतात. तुमची स्पर्धा दोन तास चालली, तर सुमारे २७०० मेगाबाइट, म्हणजे २.७ गिगाबाइट माहिती खर्च होईल. मोबाईलचा पॅक संपून शेवटच्या फेरीतच चित्र अडकू नये, म्हणून हा हिशोब आधीच करावा.

वेबकॅम कसा निवडावा?

बाजारात जाण्यापूर्वी घरात पाहा. घरातल्या चांगल्या मोबाईलचा कॅमेरा पुष्कळदा स्वस्त वेबकॅमपेक्षा सरस असतो. तो उभा राहील असा स्टँड घेतला, तर नवा वेबकॅम घेण्याची गरजच पडणार नाही. शाळेच्या संगणकासाठी वेबकॅम घ्यायचाच असेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. चित्राची स्पष्टता : '७२० पी' चित्र आपल्या कामाला पुरते. '१०८० पी' चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. ते अधिक स्पष्ट दिसते, पण त्याला वेगवान इंटरनेटही लागते. 'फोर के' कॅमेऱ्याच्या चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. आपले इंटरनेट तेवढे पाठवू शकत नसेल, तर तो पैसा वाया जातो.

२. चित्रांचा वेग : सेकंदाला ३० चित्रे पुरतात. अंधार असेल तर कॅमेरा हा वेग स्वतःच कमी करतो आणि हालचाल अडखळत दिसते. अशा वेळी दोष कॅमेऱ्याचा नसून उजेडाचा असतो.

३. भिंग : काही कॅमेऱ्यांचे भिंग एकाच अंतरासाठी बसवलेले असते. काहींचे भिंग जवळचे-दूरचे स्वतः जुळवून घेते. वक्ता एकाच जागी बसणार असेल, तर पहिला प्रकार चालतो. फार रुंद कोनाचे भिंग घेतले, तर सारा वर्ग दिसतो, पण बोलणाऱ्याचा चेहरा लहान होतो.

४. जोडणी : यूएसबी तार लावताच चालू होणारा कॅमेरा घ्यावा. आपल्या संगणकाला कोणते तोंड आहे, ते आधी पाहून जावे.

५. झाकण आणि दिवा : कॅमेरा चालू असताना पेटणारा छोटा दिवा आणि भिंगावर सरकवता येणारे झाकण, या दोन गोष्टी असाव्यातच. त्यांचे महत्त्व पुढे कळेल.

कसा वापरावा?

पहिली गोष्ट म्हणजे उजेड. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असेल, तर त्याचा चेहरा काळा दिसतो. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीमागे आणि बोलणाऱ्याच्या समोर असावी. महागड्या दिव्यापेक्षा सकाळचे ऊन अधिक उपयोगी पडते.

ट्यूबलाइटखाली कधी कधी चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. आपल्या देशातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. काही देशांत ही वारंवारता ६० हर्ट्झ असते. कॅमेऱ्याच्या मांडणीत ६० असेल तर ते बदलून ५० करावे. बहुतेक वेळा पट्टे नाहीसे होतात.

दुसरी गोष्ट आवाज. चित्र थोडे अस्पष्ट असले तरी लोक पाहतात. पण शेर ऐकू आला नाही, तर कोणी थांबत नाही. वेबकॅममधला माईक दूरचा आवाज नीट पकडत नाही. म्हणून बोलणाऱ्याजवळ वेगळा माईक ठेवावा. आपल्याकडे पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला, की शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही! त्या दिवसांत स्लॅबची खोली निवडावी.

तिसरी गोष्ट इंटरनेट. आपण सिनेमा पाहतो, तेव्हा माहिती आपल्याकडे येते. थेट प्रक्षेपणात माहिती आपल्याकडून जाते. येण्याचा वेग चांगला असला, तरी जाण्याचा वेग कमी असू शकतो. म्हणून जाण्याचा वेग तपासावा. ३ मेगाबिट पाठवायचे असतील, तर निदान ५-६ मेगाबिट वेग हाताशी असावा.

चौथी गोष्ट वीज. वीज गेली तरी लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो. पण वायफायचे यंत्र बंद पडते. अशा वेळी उपयोगी पडावा म्हणून एक चार्ज केलेला मोबाईल तयार ठेवावा.

पाचवी गोष्ट वेळ. कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे आणि दुबईचे दीड तास. रत्नागिरीत सकाळचे दहा वाजतात, तेव्हा कुवेतमध्ये साडेसात आणि दुबईत साडेआठ वाजलेले असतात. कुवेतमध्ये सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार-शनिवारी सुट्टी असते. म्हणून शनिवारी सकाळी स्पर्धा ठेवली, तर तेथील पुष्कळांची सोय होईल.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर्व गोष्टींची रंगीत तालीम करावी. यूट्यूबवर पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करायचे असेल, तर परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ऐन वेळी धावपळ नको. काम झाल्यावर कॅमेरा उघडा टाकू नये. आपल्या खाऱ्या, दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. तो कोरड्या डब्यात, ओल शोषणारी पुडी घालून ठेवावा.

माझी एक चूक

मुलांनो, आतापर्यंत मी यंत्राबद्दल बोललो. आता माझी एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत बैतबाजीचे थेट प्रक्षेपण केले. उजेड चांगला होता, आवाज स्वच्छ होता. परदेशातले पालक पाहत होते. मी खूश होतो. शेवटच्या फेरीत आठवीतली एक मुलगी शेर विसरली. तिचा संघ हरला. बक्षिसे वाटून झाली, पाहुणे चहाला गेले. मीही त्यांच्याबरोबर गेलो. कॅमेरा बंद करायचे मात्र विसरलो.

ती मुलगी बाकावर डोके ठेवून रडत होती. मैत्रिणी तिची समजूत घालत होत्या. एक मैत्रीण रागावून बोलतही होती. कॅमेऱ्याचा दिवा पेटलेला होता. पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. अकरा मिनिटे हे सारे जग पाहत होते. तिच्या वडिलांनीही ते परदेशातून पाहिले. लेक समोर रडत होती आणि त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवता येत नव्हता.

मी ते चित्रण काढून टाकले. पण तोपर्यंत कोणीतरी त्याचा तुकडा उतरवून घेतला होता. संध्याकाळपर्यंत तो वस्तीतल्या अनेक मोबाईलवर फिरला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. मी तिच्या घरी गेलो. तिच्या अम्मीसमोर तिची माफी मागितली. मी म्हणालो, "बेटी, चूक तुझी नाही, माझी आहे." ती काही बोलली नाही. चार दिवसांनी ती शाळेत येऊ लागली. पुढच्या वर्षी मात्र तिने स्पर्धेत भाग घेतला नाही. मीही आग्रह केला नाही.

तेव्हापासून थेट प्रक्षेपण संपले, की मी आधी झाकण सरकवतो आणि मग चहाला जातो.

परवानगी आणि सावधगिरी

या घटनेपासून काय शिकावे? सुटलेला बाण परत येत नाही, तसे इंटरनेटवर गेलेले चित्र पूर्णपणे परत आणता येत नाही. म्हणून कॅमेरा लावण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे, "तुम्ही दिसलेले चालेल का?" ज्याला नको असेल, त्याला कारण विचारू नये. त्याची जागा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर करावी. शेर त्याने खुशाल म्हणावा. केवळ आवाज ऐकू जाईल. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची परवानगीही घ्यावी. आपल्या देशात २०२३ साली व्यक्तींच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. यूट्यूबनेही जुलै २०२५ पासून एकट्याने थेट प्रक्षेपण करण्यासाठी किमान वय १६ वर्षे केले आहे. म्हणून तुम्ही हे काम शिक्षकांच्या किंवा पालकांच्या बरोबर बसूनच करा.

कार्यक्रम केवळ घरच्यांसाठी असेल, तर तो सर्वांसाठी खुला ठेवू नये. 'अनलिस्टेड' ठेवलेला कार्यक्रम दुवा मिळालेला कोणीही पाहू शकतो आणि तो दुवा पुढेही पाठवू शकतो, हे ध्यानात असू द्या. पाठीमागच्या फळ्यावर फोन क्रमांक, पत्ता किंवा हजेरीपट दिसत नाही ना, हेही पाहा. कोणी तुमचे चित्र वापरून त्रास दिला, तर घाबरू नका आणि लपवू नका. मोठ्यांना सांगा. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण पाहा. मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची माद्या अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ सालापासून गावकऱ्यांच्या मदतीने ती अंडी जपली. पिल्ले बाहेर येतात आणि उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्राकडे धावतात. ते दृश्य कोणाला दाखवावेसे वाटणार नाही? पण चित्र नीट यावे म्हणून तेथे दिवा लावला, तर पिल्ले दिव्याकडे वळतील आणि वाट चुकतील. तेथे चित्र अंधूक आले तरी चालेल. पिल्लू समुद्रात पोहोचले पाहिजे. माणसांच्या बाबतीतही हाच विचार करावा.

मुलांनो, वेबकॅम हा एक डोळा आहे. तो दूरवर पाहतो. पण त्याला पापणी नाही. कोठे पाहावे आणि केव्हा मिटावे, हे त्याला कळत नाही. ते आपल्याला कळले पाहिजे. तुमची बैतबाजी भाऊ कुवेतमध्ये बसून पाहील, दादी त्याला "दिसतंय का रे?" म्हणून विचारील आणि तो तिकडून "सगळं दिसतंय" म्हणेल. त्या आनंदात कोणाचेही मन दुखावलेले नसावे, एवढी काळजी तुम्ही घ्या.

शब्दार्थ

थेट प्रक्षेपण – घडत असतानाच दूरच्यांना दाखवणे
भिंग – प्रकाश एकत्र आणणारी काच
संवेदक – प्रकाश टिपणारा भाग
संमती – परवानगी, इजाजत
रंगीत तालीम – कार्यक्रमापूर्वीचा पूर्ण सराव
कक्षा – हद्द, मर्यादा
क्षितिज – आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेषा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) केंब्रिजच्या संशोधकांनी कशासमोर कॅमेरा लावला?
(आ) वीज गेल्यावर लॅपटॉप चालू असूनही प्रक्षेपण का थांबते?
(इ) वेळासच्या किनाऱ्यावर दिवा का लावू नये?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नसावी.
(आ) शिक्षकांनी मुलीची माफी मागितली.

प्र. ३. दीड तासाच्या कार्यक्रमासाठी सेकंदाला ३ मेगाबिट या वेगाने किती मेगाबाइट माहिती लागेल? हिशोब करून लिहा.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा : सातासमुद्रापलीकडे, समजूत घालणे, वाट चुकणे, ध्यानात असणे.

प्र. ५. 'त्याला पापणी नाही' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा, की पूर्वी परदेशातल्या माणसाची खुशाली कशी कळत असे. त्यांनी सांगितलेली आठवण मराठीत दहा ओळींत लिहा आणि ती वर्गात वाचण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या.